मागणं आणि ठरलेलं

बिलोलीकडे जून कोरडा चालला की प्रार्थनेचा प्रश्न पुस्तकातून उठून थेट शेतात येतो. मृगाची एखादी सर पडते, तेवढ्यावर लोक कापूस-सोयाबीन टाकून मोकळे होतात आणि मग आभाळ पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. कृषी सेवा केंद्राच्या वहीत बी-खताची उधारी चढलेली असते, वर आलेली दोन पानं दुपारी माना टाकू लागतात, आणि दुबार पेरणीला पैसा कुठून उभा करायचा याची कुजबुज घराघरांत सुरू होते. मग गावात धोंडी निघते. कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळलेल्या पोरावर दारोदारच्या बाया तांब्या-तांब्या पाणी ओततात. ईदगाहवर पावसासाठी नमाज होते. ख्रिस्ती मंडळी उपास-प्रार्थना ठेवते. मांजरेपलीकडून, बोधनच्या बाजूनं आलेला एखादा भाऊ तेलुगूत आणि इकडची माणसं मराठीत, एकाच खोलीत, एकच गोष्ट मागतात. आणि हे सगळं बघत हॉटेलात चहा पिणारा कोणीतरी म्हणतोच, "पडायचा तर पडंल. वरच्यानं ठरवलं नसंल तर तुमच्या मागण्यानं काय होणाराय?"

हे पुस्तक त्या वाक्याभोवती लिहिलं आहे.

हा माणूस नास्तिक नाही, हे आधी ध्यानात घेऊ. सगळं देवाच्या हातात आहे असं तो मनापासून मानतो, म्हणून तर त्याला मागणं वायफळ वाटतं. ख्रिस्ती माणसाची अडचण त्याच्याहून मोठी आहे. त्याची श्रद्धा एका दमात तीन गोष्टी सांगते. देवाच्या सत्तेबाहेर काही नाही, साधी चिमणीसुद्धा नाही. माणूस आपल्या करणीला जबाबदार आहे, म्हणजे काही अंशी तरी तो मोकळा असला पाहिजे. आणि मागा, मागतच राहा, अशी खुद्द येशूची आज्ञा आहे. यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी एका घरात नांदवता येतात; तिसरी आत आली की भांडणं सुरू होतात. म्हणून शतकानुशतकं लोकांनी तिघींपैकी एकीला हळूच बाहेर काढलेलं आहे. कोणी देवाची सत्ता थोडी कापतो आणि म्हणतो की पुढचं त्यालाही पुरतं ठाऊक नसतं. कोणी माणसाचं स्वातंत्र्य कापतो. आणि शिकलेल्या पाळकांमध्ये तिसरी पळवाट फार लोकप्रिय आहे: प्रार्थनेनं देव बदलत नाही, प्रार्थना करणारा बदलतो. हे वाक्य अर्धं खरं आणि पुरतं सोयीचं आहे. ज्याचं उगवलेलं पीक जळतंय तो पाऊस मागतो. स्वतःचा स्वभाव सुधारावा म्हणून तो तीन दिवस उपाशी बसलेला नसतो. त्याच्या मागण्याचा अर्थ त्याच्या नकळत बदलून टाकणं हा त्याचा अपमान आहे.

पावसाचाच विषय निघाला आहे, तर पावसाच्याच गोष्टीकडे वळू. पहिल्या राजे या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात तीन वर्षांचा दुष्काळ आहे. राजा अहाब आपल्या कारभाऱ्याला घेऊन घोडी-खेचरं जगवण्यापुरता चारा शोधत देशभर हिंडतो आहे. मराठवाड्यात चारा छावणी पाहिलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. अध्यायाच्या आरंभीच देव एलीयाला सांगून टाकतो की मी पाऊस पाठवणार आहे. म्हणजे ठरलं. शब्द दिला गेला. यानंतर एलीयानं कर्मेल डोंगरावर जाऊन काय करावं? हॉटेलातल्या तर्कानं पाहिलं तर त्यानं निवांत बसावं. तो मात्र जमिनीवर वाकतो, गुडघ्यांत तोंड खुपसतो आणि गड्याला म्हणतो, जा, समुद्राकडे बघून ये. गडी जातो, परत येतो: काही नाही. पुन्हा जा. असं सहा वेळा. सातव्या खेपेला गडी सांगतो की माणसाच्या पंजाएवढा एक ढग वर येतोय.

या प्रसंगावर मी पुस्तकात एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे, कारण आपल्या प्रश्नाची सगळी गाठ इथे उघड्यावर दिसते. देवानं शब्द दिला म्हणून एलीयाचं मागणं थांबलं नाही. उलट त्या शब्दामुळेच त्याच्या मागण्यात बळ आलं. नकार देणाऱ्या देवाचं मन वळवायला तो वाकलेला नाही. जे द्यायचं देवानं ठरवलं आहे तेच तो मागतो आहे, आणि तरी त्याला सहा वेळा "काही नाही" ऐकावं लागतं. शिवाय त्या गड्याकडेही बघा. प्रार्थना चालू असताना कोणीतरी उठून डोंगरमाथ्यावर जाऊन बघायचं काम करतो आहे. याकोब आपल्या पत्रात एलीयाचा दाखला देताना मुद्दाम बजावतो की तो आपल्यासारखाच माणूस होता. आणि लगेच पुढच्या अध्यायात हाच एलीया जीव वाचवायला रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. ते त्याला मिळत नाही. मिळते झोप, भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. पाऊस मागितला, मिळाला. मरण मागितलं, भाकर मिळाली. साक्ष देताना आपली माणसं पहिला प्रसंग सांगतात आणि दुसरा गाळतात.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं या गाठीवर जे म्हटलं त्याहून नेमकं फारसं कोणी म्हटलेलं नाही. त्याचा मुद्दा असा: देवानं ठरवलेलं बदलावं म्हणून आपण प्रार्थना करत नाही, देवानं जे आपल्या मागण्यातूनच घडवायचं ठरवलं आहे ते घडावं म्हणून करतो. ठरवण्यात नुसता शेवट नसतो, तिथवर जाणारी वाटही असते, आणि मागणं त्या वाटेचा भाग असू शकतं. चहा पिणाऱ्या आपल्या गृहस्थाची स्वतःची चार एकर पेरलेली आहे. पीक यायचं तर येईल, पेरायचं कशाला, असं तो कधी म्हणत नाही. पेरणीच्या बाबतीत त्याला देवाची सत्ता आणि आपला हात यांत भांडण दिसत नाही. मागण्याच्याच बाबतीत दिसतं. इथपर्यंत अक्वायनसचं म्हणणं पटतं. पण ताणू नये. पेरणी आणि पीक यांचा काही एक हिशेब बसतो, कृषी विद्यापीठं तो मांडतात. मागणं आणि मिळणं यांचा तसा हिशेब बसत नाही.

तो बसवून बघायचे प्रयत्न झालेले आहेत. २००६ साली अमेरिकेत सहा रुग्णालयांतल्या १,८०२ बायपास रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्या प्रकृतीत फरक पडला नाही. आणि ज्यांना "तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे" असं पक्कं सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली. बिचारे घाबरले असतील. प्रार्थना म्हणजे देवाला द्यायचा डोस नव्हे, तेव्हा अशा अभ्यासानं प्रार्थना खोटी ठरत नाही, असं मला वाटतं. पण आंधळे-पांगळे बरे होतील असे फ्लेक्स चौकात लावणाऱ्यांनी या अभ्यासावर चिडू नये. मोजमापाची भाषा आधी त्यांनीच काढली.

युरोपातल्या वादांचा इतिहास पुस्तकात थोडक्यात दिला आहे, इथे त्याहून थोडक्यात. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन आणि पेलाजियस. १५२४-२५ मध्ये इरॅस्मस आणि ल्यूथर. मग कॅल्विन, आणि त्याच्या अनुयायांविरुद्ध आर्मिनियसचे लोक. या याद्या पाठ करून कोणाची श्रद्धा वाढल्याचं मी पाहिलेलं नाही. एक वाद मात्र मराठी वाचकानं मुद्दाम लक्षात ठेवावा. १५८८ साली लुईस दे मोलिना या जेझुइटानं एक ग्रंथ छापला. कोणत्या परिस्थितीत कोणता माणूस आपखुशीनं काय करील हे देवाला आधीच कळतं आणि ते धरून तो जग चालवतो, असं त्याचं म्हणणं. म्हणजे सत्ताही राहिली आणि स्वातंत्र्यही. डॉमिनिकन संन्याशांना यात देवाचं तेज उणं झालेलं दिसलं. रोममध्ये १५९८ पासून नऊ वर्षं सुनावण्या चालल्या आणि १६०७ साली पोप पाचव्या पॉलनं निकालच दिला नाही; एकमेकांना पाखंडी म्हणू नका, एवढं सांगून दोघांना घरी पाठवलं. तो निकाल आजवर लागलेला नाही. आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आता याच काळात गोव्यात काय चाललं होतं ते पाहा. १५७९ साली तिथे उतरलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स साष्टीत बसून मराठी ओव्या रचत होता. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघालं, दहा हजारांहून अधिक ओव्यांचं. त्याच्याच संघाचे विद्वान रोममध्ये कृपा आणि इच्छा यांचा काथ्याकूट करत असताना हा माणूस आदाम-एवेची गोष्ट पुराणिकाच्या ढंगात, श्रोत्यांच्या शंका घेत घेत सांगत होता. रोमच्या सुनावणीपेक्षा या पुराणातून आपल्याला जास्त मिळतं, हे माझं मत. कारण गोष्ट सांगणाऱ्याला तिन्ही बाजू सांभाळाव्याच लागतात: फळ खाणारी बाई मोकळी नसेल तर गोष्ट उभी राहत नाही, आणि देवाचा हात सुटला तर ती पुढे सरकत नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न आला तो मात्र वेगळ्या दारानं. रेव्हरंड नारायण शेषाद्री जन्मानं ब्राह्मण; १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८५४ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चची पाळकाची दीक्षा त्यांना मिळाली, आणि १८६०च्या दशकात ते निजामाच्या मुलखात जालन्याला आले. सालारजंगांच्या कारभारात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. तिथे आलेली माणसं बहुतेक मातंग आणि महार समाजांतली. शेषाद्रींच्या चर्चची मतपत्रिका १६४६ सालची, वेस्टमिन्स्टरची. जे जे घडतं ते देवानं अनादि काळापासून ठरवलेलं आहे, असं ती ठणकावून सांगते आणि लगोलग जोडते की त्यामुळे माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही.

इथे मला थांबावंसं वाटतं. गावकुसाबाहेर दोर वळणाऱ्या, केरसुण्या बांधणाऱ्या, हलगी वाजवणाऱ्या माणसाला पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं होतं की तुझं सगळं ठरलेलं आहे. मागल्या जन्मी केलंस, ते या जन्मी फेड. त्याच्या दारात एक ब्राह्मण पाळक परदेशी मतपत्रिका घेऊन येतो आणि तिचंही म्हणणं तेच: सगळं ठरलेलं आहे! माणसं उठून का गेली नाहीत? माझा तर्क असा की त्यांनी त्या शिकवणीत दुसरंच ऐकलं. प्रारब्धाच्या हिशेबात त्याची जागा त्याच्या पापानं ठरली होती. इथे कोणीतरी, त्याचं काही न बघता, त्याच्या बाजूनं ठरवलं होतं. ज्याला पाटलानं, कुलकर्ण्यानं, सावकारानं कधी कशासाठी निवडलं नाही, त्याला जग घडण्याआधीच देवानं निवडलं, ही बातमी बेडीसारखी नव्हती. एडिंबराच्या दिवाणखान्यात जो सिद्धांत माणसाला लहान करतो असं वाटे, त्यानं बेथेलमध्ये माणसाची मान वर केली.

पण तेवढ्यानं भागत नाही, कारण त्याच माणसाला दुसऱ्या अर्ध्या भागाचीही तितकीच गरज होती. मान वर केल्यावर त्याला शाळेत जायचं होतं, वेठबिगार नाकारायची होती, पोराला कारागिरी शिकवायची होती. "ठरलेलं" एवढंच हाती धरलं असतं तर जुनं प्रारब्ध नवा अंगरखा घालून परत आलं असतं. काही घरांत ते आलंही आहे. "देवाची इच्छा" म्हणून सोसणं हा आपल्या मंडळ्यांतला जुना आजार आहे. ज्याच्या हाती काही नाही त्याला सगळं धरून ठेवणारा देव लागतो, आणि ज्याला नशिबाच्या नावानं बांधून ठेवलं त्याला स्वातंत्र्य लागतं. मराठवाड्यातला दलित ख्रिस्ती एकाच वेळी हे दोन्ही होता. प्रार्थनेत तो दोन्ही पायांवर उभा राहतो: मागतो तेव्हा आपल्या हाती नाही हे कबूल करतो, आणि आहे त्या स्थितीला मान्यता देत नाही हेही सांगतो. या पुस्तकाला सांगायचं असं काही असेल तर ते एवढंच.

शेजारी या वळणावर वेगळ्या वाटेनं गेले, तेही सांगायला हवं. १९५६ नंतर ज्यांनी बुद्धाचा मार्ग धरला त्यांनी प्रारब्धाबरोबर मागणंही सोडलं. मागायचं कोणाकडे, आपलं आपण करायचं. बिलोलीतल्या एखाद्या गल्लीत भिंतीला भिंत लागून या दोन्ही घरांचे सोयरेसंबंध आहेत आणि वाद रंगतात. "तुम्ही गुडघ्यावर बसता तेवढ्या वेळात आम्ही अर्ज लिहितो," हा टोमणा पुष्कळदा खरा असतो. पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात त्याला उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. पुरेसा झाला आहे असं मी म्हणणार नाही.

उत्तराचा बराचसा भाग पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि कर्मठ. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब दक्षिणेत तीर्थांमागून तीर्थं करत होतं, पुराणं वाचत होतं, जवळचा पैसा दानधर्मात आणि अनुष्ठानांत घालत होतं. देव प्रसन्न होतील, धन देतील, ही आशा. पैसा संपला, भांडी गेली, अन्न संपलं. तिरुपतीजवळच्या रानात पाला आणि पाणी यांवर दिवस काढल्यावर म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. निरोपानिरोप झाले. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी मोलमजुरी करीन, हलकं पडेल ते काम करीन, पण तुम्हाला असं जाऊ देणार नाही. ब्राह्मणाच्या मुलानं हमाली करायची तयारी दाखवणं त्या घरात केवढी मोठी गोष्ट होती! बुडून मरण्याचा बेत बारगळला. वडील तरीही फार जगले नाहीत. पुढे आई गेली, थोरली बहीण गेली. हे सगळं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

देवाशी सौदा करणारी प्रार्थना कशी माणसांना खाऊन टाकते हे जिनं उपाशीपोटी पाहिलं, ती बाई पुढे प्रार्थना सोडून देती तर नवल नव्हतं. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मात्र रात्रंदिवस प्रार्थनेत दिसतात. १९०५ साली तिथे शेकडो मुली-बाया एकत्र प्रार्थना करू लागल्या आणि त्या जागृतीची बातमी जगभर गेली. पण १८९६-९७ च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात स्वतः जाऊन उपाशी मुलींना गोळा करून आणत होत्या. केडगावात विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना उभा राहिला. तिथल्या बायकांनी खिळे जुळवून रमाबाईंनीच भाषांतरित केलेलं बायबल छापलं. दुष्काळात गेलेल्या बापाचं अनुष्ठान आणि या बाईची प्रार्थना यांत फरक काय? दोघंही मागत होती. बापाचं मागणं देवावर बंधन घालू पाहत होतं. रमाबाईंच्या मागण्यानं त्यांनाच कामाला बांधून घेतलं. आणि श्रीनिवासाचं ते वाक्य, मजुरी करीन हे, मला तर त्या रानातल्या सगळ्या स्तोत्रांपेक्षा प्रार्थनेच्या जवळचं वाटतं.

बिलोलीच्या पूर्वेला, नदीपलीकडे, हीच गोष्ट दगडात आणि औषधात दिसते. मेदकचं प्रचंड चर्च वेस्ली पंथाच्या चार्ल्स पॉस्नेटनी १९१४ ते १९२४ या काळात बांधलं, ते दुष्काळात लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावं म्हणून. निजामाबादजवळ डिचपल्लीला १९१५ मध्ये डॉक्टर इसाबेल कर यांनी कुष्ठरोग्यांचं रुग्णालय काढलं. सकाळी प्रार्थना आणि मग चालमोग्राच्या तेलाची दुखरी इंजेक्शनं. हे लोक वेस्लीचे. देवाची कृपा प्रत्येकापाशी आधीच जाऊन थांबलेली असते आणि माणूस तिला हो किंवा नाही म्हणू शकतो, असं मानणारे. जालन्याचे स्कॉटिश याला पाखंड म्हणाले असते. दुष्काळात मात्र दोघांनी केलेली कामं शेजारी ठेवून कोणतं कोणाचं ते ओळखून दाखवा.

घरातल्या घरात हा प्रश्न कसा दिसतो, त्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे आहेतच. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत टिळकांनी प्रार्थना केल्या असतील, वादही घातले. बायकोच्या वतीनं हो म्हणणं त्यांच्या हाती नव्हतं, आणि त्यांचा देवही ते त्यांच्यासाठी करून देत नव्हता. लक्ष्मीबाईंचं मन वळलं ते त्यांच्या स्वतःच्या विचारानं, सोवळंओवळं आणि जात कोणी केली हा प्रश्न स्वतःला विचारून. देवानं वळवलं की त्या वळल्या? लक्ष्मीबाईंना विचारलं असतं तर त्यांनी विचारणाऱ्यालाच कामाला लावलं असतं.

आता अवघड भाग. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून लोक नुकते आडवे झाले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली. लातूर-उस्मानाबादेत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, काही अंदाजांनुसार त्याहून जास्त. त्या रात्री कोणी शेतात झोपायला गेला म्हणून वाचला आणि म्हणाला, देवानं वाचवलं. त्याला असं म्हणण्याचा हक्क आहे. पण त्याच्या घरात झोपलेल्या चार जणांचं काय, हे त्याच दमात विचारलं जातं, आणि त्याला सत्तेच्या बाजूनं किंवा स्वातंत्र्याच्या बाजूनं दिलेलं एकही उत्तर मला त्या ढिगाऱ्यासमोर उभं राहून म्हणवणार नाही. भूकंपात माणसाच्या इच्छेचा हात नाही, तेव्हा "देवानं माणसाला स्वातंत्र्य दिलं म्हणून दुःख आहे" ही सोपी वाट इथे बंद होते. भिंती तशा का होत्या, पक्की घरं कोणाला परवडत नव्हती, एवढ्यापुरताच माणसाचा हिशेब लागतो. उरलेलं उरतंच.

अशा जागी ख्रिस्ती माणसाकडे सिद्धांत कमी आणि एक प्रसंग जास्त आहे: गेथशेमाने बाग. येशू मागतो की हा प्याला टळू दे. स्पष्ट, नेमकं मागणं. आणि त्याच श्वासात ते बापाच्या इच्छेवर सोडतो. सोडून द्यायचंच होतं तर मागितलं कशाला, असं तिथे कोणी विचारत नाही. घामाघूम झालेल्या माणसाला विचारायचं तरी कसं? प्याला टळला नाही. खुद्द पुत्राच्या प्रार्थनेला नकार मिळाला, हे ज्या धर्माच्या मध्यावर बसलेलं आहे, त्या धर्मानं "विश्वास कमी पडला म्हणून मिळालं नाही" असं कोणत्याही आईला सांगू नये.

पाळकांना म्हणून एक विनंती. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरी सांत्वनाला जाल तेव्हा "देवाची इच्छा" हे शब्द उच्चारू नका. तिथे पावसाची इच्छा होती, बाजारभावाची होती, सावकाराची होती, धोरणांची होती, आणि एका थकलेल्या माणसाची होती. इतक्या सगळ्यांचा भार देवाच्या एका शब्दावर टाकून मोकळं होणं हे ईशनिंदेच्या फार जवळ जातं. स्तोत्रं वाचा, ज्यांत माणसं देवाला चक्क जाब विचारतात. विलापगीत वाचा. हबक्कूक वाचा, किती वेळ हाका मारू, हा त्याचा पहिला प्रश्न आहे.

पुस्तकाची मांडणी अभ्यासवर्गांच्या सोयीची केली आहे. पहिली तीन प्रकरणं शास्त्रपाठावर, पुढची दोन इतिहासावर आणि आपल्या भागावर, शेवटची दोन प्रत्यक्ष प्रार्थनेवर. परदेशी नावं कमीत कमी ठेवली आहेत. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायावरचं प्रकरण सर्वांत लांब झालं, त्याला इलाज नव्हता. कुंभार आणि माती यांचा तो अध्याय आपल्या मंडळ्यांत सगळ्यांत जास्त वापरला जातो आणि सगळ्यांत अर्धवट वाचला जातो. नवव्यात निवडणारा देव आहे. दहाव्यात जो कोणी हाक मारील तो वाचेल असं आहे, म्हणजे मागणाऱ्याला दार उघडं आहे. अकराव्यात पौल दोन्ही टोकं जुळवून दाखवत नाही. जुळवता जुळवता मध्येच थांबतो आणि देवाच्या शहाणपणाची थोरवी गायला लागतो. वर्ग घेणाऱ्यानं नवव्यावर थांबून पुढच्या रविवारचं आश्वासन देऊ नये. तिन्ही अध्याय एका बैठकीत वाचावेत, जेवणं लांबली तरी चालेल.

बिलोली